खर्च निजामाच्या खाती

नायगावातून जाणारा हमरस्ता एका टोकाला नांदेड-हिंगोलीकडून अकोल्याला जातो आणि दुसऱ्या टोकाला नरसी, देगलूर करत हैदराबादेकडे. निजामाच्या काळात हुकूम खालून वर यायचे आणि सारा वरून खाली जायचा. आता खालून आंध्रातला तांदूळ येतो, वरून सोयाबीनचे ट्रक जातात. रस्त्याच्या कडेला हॉटेल टाकलेला माणूस अजूनही ‘हैदराबादची गाडी गेली का’ असं विचारतो, मुंबईची नव्हे.

या भागातला इतिहास विचाराल तर लोक रझाकारांपासून सुरुवात करतात. बिलोलीकडच्या अर्जापूरजवळ १९४६ साली गोविंदराव पानसरे मारले गेले, १९४८ च्या जानेवारीत उमरीची बँक लुटली गेली, मग पोलीस ॲक्शन. शाळेत आम्हीही एवढंच शिकवत आलो. सतरा सप्टेंबरला झेंडा, भाषण, चॉकलेट. त्याच्या मागे जायचं तर एकदम थेट देवगिरीचे यादव किंवा कंधारचे राष्ट्रकूट. मधली शे-सव्वाशे वर्षं, म्हणजे निजामाच्या दरबारात बसून इंग्रजांनी या मुलखाचं जे केलं ती, आमच्या पुस्तकात चार ओळींची आहेत. ‘तैनाती फौज’ हा शब्द आला की पोरं पाठ करतात आणि पुढं सरकतात. ती फौज कुणाच्या अंगावर गेली, हे कुणी विचारत नाही.

मेजर बर्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं हैदराबाद कंटिन्जन्टचा, म्हणजे निजामाच्या पैशावरच्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचा, इतिहास लिहिला आणि तो १९०५ साली छापला गेला. पलटणीचा इतिहास पलटणीतल्याच माणसानं लिहिलेला, त्यामुळे त्यात शौर्य भरपूर. त्या पुस्तकात नांदेडच्या उत्तरेचं एक गाव येतं: इंग्रजी दप्तरातलं ‘नोवा’, आपल्याकडचं हदगावच्या बाजूचं नाव्हा. जानेवारी १८१९ मध्ये तिथल्या गढीला वेढा पडला, ३१ जानेवारीला हल्ला झाला. आत पाचशेच्या आसपास माणसं होती, त्यातली चारशेच्या वर मेली. बहुतेक अरब होते. गढी होती हटकर नाईकांची आणि त्यांच्या नाईकाचं नाव नौसाजी.

चारशेच्या वर. एका गढीत, एका दिवसात. मी नांदेड जिल्ह्यात जन्मलो, नांदेड जिल्ह्यात नोकरी केली आणि हा आकडा मला शाळेत कुणी सांगितला नाही, मीही कुणाला सांगितला नव्हता. म्हणून जानेवारीच्या शेवटी, ज्या दिवसांत ते घडलं त्याच दिवसांत जायचं ठरवलं. ज्वारी हुरड्यात, हरभरा घाट्यात. गाडी भाच्याची. त्याला मी सांगितलं की आधी उलट्या दिशेनं, देगलूरवरून कौलासला जाऊ.

“मामा, हदगावला जायचं म्हणलाव ना? मग तेलंगणात कशाला चाललाव?”

त्याचं बरोबर होतं. पण शिक्षा कशी दिली जाते याचे दोन नमुने पाहायचे होते, आणि सोपा नमुना आधी बघावा असं माझं शिक्षकी गणित.

देगलूर सोडलं की पाट्यांवर तेलुगू चढते, पण चहाच्या टपरीवर मराठीच चालते. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण इथं खेटून आहेत आणि म्हाताऱ्या माणसांना तिन्ही भाषा येतात, त्याचं त्यांना काही वाटत नाही. कौलासचा किल्ला डोंगरावर, खाली कौलास नाल्याच्या धरणाचं पाणी. सत्तावन्नच्या बंडानंतर इथं एक कट शिजला. बीदरकडच्या नारखेडचा रंगराव रत्नाकर पागे उत्तरेत जाऊन नानासाहेब पेशव्यांना भेटून आला होता, आणि दक्षिणेत उठाव करायचा म्हणून माणसं जमवत होता. कौलासचा राजा दीपसिंह त्याला मिळाला. कट फुटला. धरपकड झाली, खटला चालला. रंगरावाला आधी फाशी, मग ती बदलून काळं पाणी. १८६० मध्ये तो तिकडेच मेला. राजाला तीन वर्षांची कैद.

कडक शिक्षा आहेत, पण कागदावर आहेत. आरोपीचं नाव आहे, गुन्हा लिहिलेला आहे, शिक्षा किती आणि ती कमी का केली हेही आहे. रंगराव अंदमानात मेला, हे आपल्याला माहीत आहे ते शिक्षा देणाऱ्यांनीच लिहून ठेवलं म्हणून. किल्ल्याच्या वाटेवर बसून भाच्याला मी हे सांगत होतो, तेव्हा तो धरणाचे फोटो काढत होता. मग म्हणाला, “म्हणजे राजा असला की केस होते.” मला जे सांगायला पाच मिनिटं लागली असती, ते त्यानं एका वाक्यात उरकलं.

परत नायगाव, मग कृष्णूरच्या एमआयडीसीवरून नांदेड. नांदेडात मी थांबलो नाही. गोदावरीच्या पुलावरून पलीकडे गेलं की पंधरा-वीस किलोमीटरवर अर्धापूर लागतं, आणि इथं मात्र थांबावंच लागतं. जानेवारीत अर्धापूरच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा आणि हळद. हळदीची पानं वाळून पिवळी पडलेली, काढणीची तयारी. काही शेतांत काढणी सुरू झालेली. बाया वाफ्यात बसून कंदांना चिकटलेली माती झटकत होत्या. काळी, चिकण, नखात शिरणारी माती. हे पाणीदार, पैशाचं रान आहे. दोनशे वर्षांपूर्वी इथं ना कालवा होता ना मोटार, पण जमीन हीच होती, आणि या जमिनीचा सारा हैदराबादेत लिलावात जायचा.

तो लिलाव समजून घेतल्याशिवाय नाव्ह्याची गढी समजत नाही.

तेव्हा निजाम होता सिकंदर जाह. कारभार नावाला दिवाणाकडे, खरा पेशकार चंदुलालकडे. चंदुलालची पद्धत साधी: तालुका ज्याची बोली जास्त त्याच्या पदरात टाकायचा. बोली लावणारा तालुकदार रयतेकडून दुप्पट वसूल करायचा, कारण पुढच्या वर्षी तालुका त्याच्याकडे राहील की दुसऱ्याकडे जाईल याचा भरवसा नाही. रयत पळायची, गावं उजाड पडायची. आणि पैनगंगेच्या काठच्या डोंगरपट्ट्यात जे हटकर नाईक पिढ्यान्‌पिढ्या घाटवाटांची राखण करत होते, गढ्या बांधून होते, त्यांना हा नवा वसूलदार मान्य नव्हता. नाईक लुटायचेही, यात शंका नाही. नौसाजीला कोरा करकरीत क्रांतिवीर करून टाकायची घाई मला नाही. त्याच्या पदरी अरब शिपाई होते आणि अरब फुकट लढत नव्हते. पैसा कुठून तरी यायचा, आणि तो गावांतूनच येत असणार. पण ‘बंडखोर’ आणि ‘लुटारू’ हे दोन शब्द ज्या सहजतेनं इंग्रजी दप्तरात एकाच ओळीत बसतात, ती सहजता संशय घेण्यासारखी आहे.

त्या वसुलीच्या मागे एक फौज उभी होती. हेन्री रसेल १८११ पासून हैदराबादेत इंग्रजांचा रेसिडेंट. त्यानं निजामाच्या जुन्या शिपायांतून नव्या कवायती पलटणी उभ्या केल्या, १८१३ च्या सुमारास, आणि त्यांना नाव पडलं रसेल ब्रिगेड. शिपाई निजामाचे, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, पगार निजामाच्या खजिन्यातून. खजिना तर रिकामा. मग पगारासाठी कर्ज. कर्ज देणारी पेढी पामर अँड कंपनी, हैदराबादेतलीच. मालक विल्यम पामर, आणि एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड, ज्याची बायको गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या घरात वाढलेली. व्याज शेकडा अठरा ते पंचवीस. देशी राजांना युरोपियनांनी कर्ज देऊ नये असा कायदा होता. या पेढीला १८१६ मध्ये त्यातून सूट मिळाली. खुद्द रसेलचाही पेढीत छुपा हिस्सा असावा असा संशय घेतला गेला. म्हणजे गावातून सारा निघतो तो तालुकदाराकडे, तिथून चंदुलालकडे, तिथून पामरच्या पेढीकडे व्याज म्हणून. आणि गावानं सारा द्यायला नकार दिला की जी पलटण येते ती त्याच पेढीच्या उधारीवर चालते.

भाचा बँकेत आहे. हे सगळं ऐकून तो म्हणाला, “मामा, ही तर रिकव्हरी एजंटची सिस्टीम झाली.” मी हसलो, पण त्यानं गाडी वारंगा फाट्याकडे वळवेपर्यंत मला दुसरी उपमा सुचली नाही.

वारंगा फाट्यावर हिंगोलीचा रस्ता डावीकडे फुटतो आणि हदगाव-उमरखेडचा सरळ जातो. हिंगोलीला पुढं याच फौजेची, म्हणजे कंटिन्जन्टची, मोठी छावणी होती. हदगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेनं पाइपलाइनसाठी चर खणायचं काम चालू होतं. जेसीबी पुढं गेला होता, मागं चार माणसं फावड्यानं कड सारखी करत होती. मी उतरून चरात डोकावलो. वर कंबरभर काळी माती, तिला उभ्या भेगा पडलेल्या, त्याखाली पिवळसर पांढुरकी, चुनखडीचे खडे मिसळलेली, तळाला मुरूम. काळी माती कोरडी असली तर ढेकूळ दगडासारखं निघतं, कुदळ आदळते आणि उडते. वरून कडा मोकळ्या राहिल्या तर चर आपोआप ढासळतो.

“काय बघायलाव काका? पाणी नाही त्यात,” एकजण म्हणाला.

“किती खोल जातंय बघतोय. हातानं खणायचं म्हणलं तर किती दिवस लागतील?”

“हातानं?” तो हसला. “रोजगार कोण देणार?”

१८१९ च्या जानेवारीत हे हातानंच झालं. गढीचा तट तोफेच्या टप्प्यात आणायचा तर मोर्चे पुढं सरकवावे लागतात. रात्री खणायचं, दिवसा त्याच्या आडोशाला बसायचं. वेढा ८ जानेवारीला सुरू झाला आणि हल्ला ३१ ला. मधले तीन आठवडे याच मातीत गेले. सैन्याचा प्रमुख मेजर पिटमन. खणणारे कोण होते हे पलटणीच्या इतिहासात येत नाही. आजूबाजूच्या गावांतून धरून आणलेले वेठीचे लोक असणार, असा माझा कयास, कारण निजामाच्या मुलखात वेठ ही काही नवी गोष्ट नव्हती. तसं असेल तर नाव्ह्याच्या शेजारच्या गावांनीच नाव्ह्याचा तट पाडायला चर खणले.

गावात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पडक्या तटांची वर्णनं करायची मला आवड नाही. जिथं माणसं नांदतात तिथं जाऊन ‘अवशेष’ शोधत फिरणं त्यांनाही बरं वाटत नाही. आणि मराठवाड्यात गढीची पांढरी माती धाब्याच्या घरावर टाकायला पिढ्यान्‌पिढ्या नेली जाते, त्यामुळे कुठल्याही गढीचा निम्मा भाग गावच्या छपरांवर असतो. पारावर बसलेल्या दोघा-तिघांना विचारलं. नौसाजी नाईकांचं नाव त्यांना ठाऊक होतं. अलीकडे हटकर समाजाची तरुण पोरं मोबाइलवर त्यांचे फोटो टाकतात, घोड्यावर बसलेले, हातात भाला. चित्र अर्थातच कुणीतरी आजच्या काळात काढलेलं. अरबांचं मात्र कुणी काही बोललं नाही. एक म्हातारे बाबा एवढंच म्हणाले, “लढाई झाली म्हणतेत. लई माणूस मेलं म्हणतेत.”

त्या अरबांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. हैदराबाद, नागपूर, खानदेश इथल्या सरदारांकडे त्या काळी अरबस्तानच्या दक्षिणेतून, हद्रमौतमधून आलेले शिपाई नोकरीला असत. पगार थकला तर मालकाच्या दारात धरणं धरून बसणारे, पण एकदा किल्ल्यावर नेमले की सहसा न हटणारे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, नागपूरकर भोसले हरले, होळकर वाकले, आणि हे हजारो अरब एकाएकी बिनमालकाचे झाले. इंग्रजांना ते या देशात नकोच होते. नौसाजीनं गढी राखायला पाचशेच्या आसपास ठेवले. म्हणजे समुद्र ओलांडून आलेली ती पोरं हदगावच्या काळ्या रानात मेली, ज्या भांडणाशी त्यांचा पगारापलीकडे संबंध नव्हता. त्यांच्यावर चालून गेलेले शिपाईही देशीच, तेही पगारीच. दोन्हीकडचे पगारी, आणि पैसा दोन्हीकडचा शेवटी इथल्याच ज्वारीतून निघालेला.

हल्ल्यात माणसं मरतात, हे सांगायला नको. पण पाचशेतले चारशे मरतात तेव्हा ते फक्त लढाईत मरत नाहीत. तट फुटल्यावर, आत शिरल्यावर, हत्यार टाकणाऱ्याला घ्यायचं की नाही हे कुणीतरी ठरवलेलं असतं; किंवा कुणी ठरवलेलं नसतं आणि कुणी थांबवत नाही. त्या काळच्या युरोपात एक जुना दंडक सांगितला जायचा: खिंडार पडल्यावरही जो किल्ला शरण येत नाही, त्यातल्या शिबंदीला जीवदान मागण्याचा हक्क नाही. दंडक सगळ्यांना सारखा लागू असता तर एक वेळ समजून घेता आलं असतं. १८१२ च्या एप्रिलमध्ये वेलिंग्टनच्या फौजेनं स्पेनमध्ये बादाहोस घेतलं. हल्ल्यात इंग्रजांची हजारो माणसं पडली, चिडलेल्या शिपायांनी गाव लुटलं, ज्या स्पॅनिश लोकांना सोडवायला ते आले होते त्यांनाच नागवलं. पण आतली फ्रेंच शिबंदी? ती शरण गेली आणि तिच्यातले हजारो कैदी म्हणून नेले गेले. फ्रेंच शिपायाला शिक्षा करायची नसते, त्याला हरवायचं असतं. अरबाला आणि हटकराला शिक्षा करायची असते.

नाव्ह्याच्या अकरा महिने आधी खानदेशात हेच घडलं होतं, आणि ते गाजलं. तापीकाठचं थाळनेर मी पूर्वी पाहिलेलं आहे. शिरपूर तालुक्यात, फारुकी सुलतानांच्या कबरी तिथं आहेत, आणि किल्ल्याची एक बाजू सरळ नदीत उतरते. मंदसोरच्या तहात होळकरांनी ते ठाणं इंग्रजांना दिलेलं. सर थॉमस हिस्लॉप २७ फेब्रुवारी १८१८ ला तिथं पोचला, किल्लेदार तुळसीराम मामाला निरोप धाडला की किल्ला दे, नाहीतर बंडखोर समजलं जाईल. तोफा चालल्या, एकामागून एक दरवाजे ओलांडले गेले. शेवटच्या दरवाजाशी बोलणं चालू असताना दिंडी उघडली, काही इंग्रज अधिकारी आत गेले आणि आतल्या अरबांनी त्यांना कापलं. त्यात मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मेले. मग बाकीचे आत घुसले आणि सुमारे तीनशेंची शिबंदी कापून काढली. किल्लेदार आधीच बाहेर येऊन हाती लागला होता. त्याला त्याच संध्याकाळी फाशी.

जरब बसावी म्हणून हे केलं, असं समर्थन झालं. जरब बसली का? तीन महिन्यांत मालेगावला अरबांनी महिनाभर किल्ला झुंजवला आणि इंग्रजांची दोनशेहून अधिक माणसं पाडली. शरण गेलो तरी मरण आहे असं एकदा कळलं की माणूस शरण कशाला जाईल? मालेगावात शेवटी अटी ठरल्या, जीव वाचवायचा शब्द दिला गेला, तेव्हा दरवाजे उघडले.

थाळनेरचं प्रकरण लंडनला गेलं. एका हिंदी किल्लेदाराला चौकशीशिवाय फासावर लटकवल्याबद्दल तिथल्या वर्तमानपत्रांत, संसदेत प्रश्न आले. मार्च १८१९ मध्ये हेस्टिंग्ज आणि फौजेच्या आभाराचा ठराव कॅनिंगनं मांडला, तेव्हा हिस्लॉपचे आभार मानताना थाळनेरच्या फाशीला ही पसंती समजू नये अशी पुस्ती जोडावी लागली. शिक्षा कुणाला झाली नाही. पण प्रश्न तरी आला.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. लंडनमध्ये ही चर्चा झाली मार्च १८१९ च्या सुरुवातीला. नाव्ह्यावर हल्ला झाला ३१ जानेवारीला, म्हणजे जेमतेम पाच आठवडे आधी. बातमी जहाजानं जायला चार-सहा महिने. थाळनेरच्या तीनशेंबद्दल सभागृह चुळबुळत होतं त्या दिवशी नाव्ह्याचे चारशे नुकतेच मातीत गेले होते, आणि ते तिथल्या एकालाही ठाऊक असणं शक्य नव्हतं. बरं, बातमी पोचल्यावर तरी? माझ्या वाचनात असा प्रश्न कुठं आलेला नाही, आणि का आला नसेल हे अर्धापूरच्या हळदीत बसूनही सांगता येतं. थाळनेरला हिस्लॉप होता, कंपनी सरकारचा सेनापती. नाव्ह्याला फौज कुणाची? निजामाची. बंडखोर कुणाचे? निजामाचे. गढी निजामाच्या मुलखातली, पगार निजामाच्या खजिन्यातला. पिटमनही कागदोपत्री निजामाच्या चाकरीत. इंग्लंडच्या संसदेनं जाब कुणाला विचारायचा? आणि निजामाला जाब विचारायचा तर त्याच्या वतीनं उत्तर देणारा रेसिडेंट रसेलच.

साम्राज्याच्या काळात दहशतीचे पुष्कळ प्रकार झाले. गावं जाळली, पिकं कापली, तोफेच्या तोंडी माणसं दिली. त्या सगळ्यांत मला हा प्रकार सर्वांत हुशारीचा वाटतो. शिक्षा आपण द्यायची, जरब आपली बसवायची, सही दुसऱ्याची घ्यायची आणि बिल त्यालाच पाठवायचं.

नौसाजीचं काय झालं, तर त्याला हैदराबादला पाठवलं आणि तिथंच तो मेला. वऱ्हाडच्या गॅझेटियरात, जे लायल यांनी १८७० मध्ये काढलं, त्यात त्याची नोंद आहे, ती इतकीच. खटला, गुन्हा, शिक्षेची मुदत, काही नाही. कौलासच्या राजाला जेवढा कागद मिळाला तेवढाही नाईकाला नाही.

हदगावच्या पुढं रस्ता पैनगंगेकडे उतरतो. नदीला जानेवारीत पाणी बेताचं, पात्रात खडक उघडे. पुलाच्या या टोकाला नांदेड जिल्हा, त्या टोकाला यवतमाळ. या टोकाला मराठवाडा, त्या टोकाला विदर्भ. बोलीसुद्धा पाच-दहा किलोमीटरांत वळण घेते, ‘जायलाव’ मागं पडतं. उमरखेडच्या अलीकडचं रान मोकळं, सपाट, कापसाच्या वाळलेल्या पळाट्या उभ्या. वेढ्याच्या आधी नौसाजीनं याच उमरखेडपुढं उघड्या मैदानात पिटमनच्या कवायती फौजेशी लढाई दिली आणि हरला. भाल्याच्या आणि घोड्याच्या माणसानं बंदुकीच्या रांगांसमोर मोकळ्या रानात यावं ही चूकच होती. तो हरून मागं, नदीच्या अलीकडे गढीत गेला, आणि पुढचं झालं.

उमरखेडच्या वाटेवर एका टपरीशी सात-आठ पोरं घामेजलेली बसली होती, पायात धावायचे बूट. सैन्यभरतीची तयारी करणारी. या बाजूच्या प्रत्येक मोठ्या रस्त्यावर अशी पोरं सकाळ-संध्याकाळ धावताना दिसतात; शेतीत काही राहिलं नाही आणि सरकारी नोकरीचा दुसरा दरवाजा दिसत नाही. भाच्यानंही चार वर्षांपूर्वी दोनदा प्रयत्न केला होता, त्यामुळे त्यांची लगेच ओळख झाली. कुठली रेजिमेंट, असं त्यानं विचारलं. मराठा, महार, नाहीतर तोफखाना, जे मिळेल ते. मी मधेच म्हणालो की इथं नदीपलीकडे झालेल्या एका लढाईचं नाव एका रेजिमेंटच्या मानचिन्हांत आहे, ठाऊक आहे का?

नव्हतं. मग सांगितलं. रसेल ब्रिगेडचं पुढं हैदराबाद कंटिन्जन्ट झालं, त्यातल्या पायदळाचं १९२२ मध्ये एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट, आणि १९४५ मध्ये नाव बदलून कुमाऊं. तिचं केंद्र हिमालयात, रानीखेतला. काश्मिरात १९४७ मध्ये पहिलं परमवीरचक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे. आणि तिच्या सर्वांत जुन्या युद्ध-सन्मानांत नागपूर, महिदपूर यांच्यानंतर नाव येतं ‘नोवा’. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्यानं आपल्याच राजांविरुद्धच्या अशा लढाया साजऱ्या करणं सोडलं, ते योग्यच. पण यादीत नाव राहिलं. रानीखेतच्या एखाद्या जवानाला ‘नोवा’ कुठं आहे विचारलं तर तो काय सांगेल, मला कल्पना नाही.

“म्हणजे आपल्याच लोकांना मारलं त्याचं मेडल?” एका पोरानं विचारलं.

“मारणारेही आपलेच होते.”

“मग ऑर्डर कुणाची?”

भाचा माझ्याकडं बघून हसला. प्रवासभर मी हेच सांगत आलो होतो आणि पोरानं धापा टाकता टाकता नेमकं तेच विचारलं. मी सांगायला लागलो तर त्यांची दुसरी फेरी सुरू व्हायची वेळ झाली, आणि ती उठून गेली.

राहिलेलं इथं लिहितो. पामरच्या पेढीचा गाजावाजा झाला, रसेलच्या जागी आलेल्या मेटकाफनं तिचे व्यवहार उघडे पाडले, १८२४ मध्ये पेढी बुडाली. फौज मात्र राहिली आणि तिचा खर्च निजामाच्या नावावर चढतच गेला. तो थकला म्हणून २१ मे १८५३ च्या तहानं वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीनं आपल्या ताब्यात घेतले. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड नाही. ज्या उमरखेडच्या रानात नौसाजी हरला, ते वऱ्हाडात होतं. त्या फौजेच्या थकलेल्या पगारापोटी ते इंग्रजांकडे गेलं. ज्या नाव्ह्यात त्याची माणसं मेली ते नदीच्या या बाजूला, निजामाकडेच राहिलं. पैनगंगेच्या पुलावर आज जी जिल्ह्याची पाटी आहे, तिच्या मागे ती उधारी आहे. १९०२ मध्ये कर्झननं निजामाकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं, वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर. पुढच्याच वर्षी कंटिन्जन्ट मोडून तिच्या पलटणी इंग्रजी हिंदी सैन्यात मिळवल्या. जिच्या खर्चासाठी प्रांत घेतला ती फौजच उरली नाही, पण भाडेपट्टा कायम राहिला, आणि त्या पंचवीस लाखांतूनही सुरुवातीची काही वर्षं निजामाकडच्या जुन्या कर्जाचे हप्ते कापून घेतले गेले.